वाचक विचारतात : गाडीच्या रंगाला वॉटर पेपर लावावा का?

या वेळी आलेल्या पत्रांत गाडीच्या रंगाबद्दलची पत्रं जास्त आहेत. त्यातली बरीचशी एकाच कामाभोवती फिरतात : वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा बारीक घासकागद, मारून रंग सपाट करायचा आणि मग मशीनने बफिंग करून चकाकी आणायची. मी वडिलांच्या रंगकामाच्या शेडमध्ये वाढले आणि पुढे तेच काम केलं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काही उत्तरं लांबली आहेत, ती मुद्दाम.

प्रश्न : माझ्याकडे काळ्या रंगाची जुनी मर्सिडीज एस-क्लास आहे. सावलीत ती देखणी दिसते, पण उन्हात आणली की बॉनेटवर आणि छतावर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं दिसतं. काही ठिकाणी पाण्याचे डागही बसलेत. एक कारागीर म्हणाला, "पूर्ण गाडीला पंधराशे नंबरचा पेपर मारू, आरसा होईल." मारू द्यावा का?

उत्तर : नाही. "पूर्ण गाडीला पंधराशे" हे वाचूनच पोटात गोळा आला.

कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्याच्या वर जे काही असतं, म्हणजे गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट, ते सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केससुद्धा सहसा याहून जाड असतो. तुम्हाला जी चकाकी दिसते ती याच थराची, आणि उन्हातली अतिनील किरणं अडवणारे पदार्थही यातच मिसळलेले असतात. तो पातळ झाला की गाडी त्या दिवशी झळाळते. पण पुढे काही उन्हाळे गेले की छतावर पांढरट चट्टे उठतात आणि क्लिअर कोटचे पापुद्रे सुटायला लागतात. त्या अवस्थेत कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, तो भाग नव्यानेच रंगवावा लागतो. म्हणून कारखान्याच्या रंगावर गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनपेक्षा जास्त क्लिअर कोट काढायचा नाही, असं मी धरून चालते.

आता पेपरकडे बघा. नंबर जितका मोठा, तितका दाणा बारीक. पी १५०० पेपरचा दाणा सरासरी १२.६ मायक्रॉनचा, पी २००० चा १०.३ आणि पी २५०० चा ८.४. दाणा पूर्ण आत घुसत नाही हे खरं, पण त्याची रेघ जितकी खोल जाते तितका थर पुढच्या पायऱ्यांमध्ये सगळीकडून उतरवावाच लागतो, नाहीतर रेघ दिसत राहते. तुम्ही लिहिलेलं जाळं मात्र बहुधा धुण्या-पुसण्याचं आहे : कोरड्या फडक्याने धूळ झटकणं, एकाच बादलीतलं गढूळ पाणी, ब्रशवाली धुण्याची मशीन. हे ओरखडे उथळ असतात. कंपाउंड (म्हणजे जरा जास्त कापणारं पॉलिश) आणि त्यामागून बारीक पॉलिश एवढ्यावर ते जवळजवळ सगळे निघतात आणि थर जातो तो फार थोडा.

तुमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. मर्सिडीजने २००३ च्या शेवटापासून सूक्ष्म सिरॅमिक कण असलेला क्लिअर कोट वापरायला सुरुवात केली. तुमची गाडी त्यानंतरची असेल, तर तिचा थर कडक असणार. ओरखडे कमी घेतो, पण घेतलेला ओरखडा सोडायलाही तितकाच चिवट. अशा रंगावर पंधराशेच्या रेघा काढताना कारागीर वैतागतो, मशीन जोरात दाबतो, पत्रा तापतो आणि कडेचा रंग जातो.

तेव्हा आधी रंगाची जाडी मोजणारं यंत्र मागवा. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या हाती गाडी देऊ नका, इतकं मी ठामपणे सांगते. एस-क्लासच्या कित्येक मॉडेलांत बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, म्हणून लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं यंत्र हवं. प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहून ठेवा. १०० ते १४० च्या दरम्यान आकडा आला तर रंग बहुधा मूळचा आहे. २०० च्या वर गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला असणार. ७०-८० आला आणि शेजारचा भाग १२० दाखवत असेल, तर तिथे आधीच कुणीतरी हात मारून गेलंय. त्या भागाला नुसतं वॅक्स लावा आणि पुढे चला. हे साधं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. त्यामुळे १३० आकडा दिसला म्हणून घासायला मोकळीक मिळाली, असं समजू नका.

पाण्याच्या डागांना आधी पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून लावा, मिनिटभराने स्वच्छ धुवा. वर बसलेला क्षार असेल तर निघून जाईल. त्यानंतरही गोल खूण उरली तर ती क्लिअर कोटमध्ये कोरली गेली आहे. मग बॉनेटवर फूटभर चौकोन टेप लावून आखा आणि सगळ्यात सौम्य पॉलिशपासून सुरुवात करून बघा. नाही भागलं तर कंपाउंड. तेवढ्यानेही एखादा डाग राहिला, तर तेवढ्याच जागी ३००० नंबरची फोमवाली चकती पाण्यासोबत हलकेच फिरवता येते. प्रत्येक वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून तो चौकोन पुसा आणि टॉर्चखाली बघा. काही पॉलिशमध्ये ओरखडे बुजवणारं तेल असतं. दोन-चार धुण्यांत ते निघून जातं आणि जाळं होतं तिथेच दिसायला लागतं.

प्रश्न : अपघातानंतर ऑडीचा एक दरवाजा पुन्हा रंगवून घेतला. रंगाची छटा जुळली, पण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो आणि दोन-तीन धुळीचे कण आत अडकलेत. हे घरी दुरुस्त करता येईल?

उत्तर : येईल. वॉटर पेपरचं खरं काम हेच! नव्याने मारलेला क्लिअर कोट कारखान्यापेक्षा सहसा जाड असतो, त्यामुळे थोडा उतरवायला वाव असतो. तरी रंगाऱ्याला विचारून घ्या की क्लिअरचे किती हात दिलेत आणि तो पूर्ण सुकायला किती दिवस लागतील. कच्च्या क्लिअरमध्ये पेपर रुततो. पार जुन्या, कडक झालेल्या क्लिअरवर रेघा काढायला दुप्पट मेहनत पडते. मधली वेळ साधायची, आणि ती त्या रंगाच्या कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेली असते.

एक गोष्ट सुरू करण्याआधी करा. शेजारच्या मूळ फेंडरकडे तिरपं बघा. कारखान्याच्या रंगालाही थोडी साल असतेच, महागड्या गाड्यांनासुद्धा. तुम्ही दरवाजा काचेसारखा सपाट केलात तर तो बाकीच्या गाडीत उठून दिसेल आणि बघणाऱ्याला लगेच कळेल की इथे काम झालंय. फेंडरशी जुळेल इतकंच उतरवा.

पेपर किमान अर्धा तास पाण्यात भिजत घाला. पाणी स्वच्छ हवं, त्यात गाडीच्या शाम्पूचे एक-दोन थेंब. पाण्यात टिकणारा हा पेपर अमेरिकेत थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये आणला, फ्रान्सिस ओकी या शाई बनवणाऱ्या माणसाच्या कल्पनेवरून. त्याआधीचा घासकागद कोरडाच वापरावा लागायचा आणि शेडभर धूळ उडायची. पाण्यामुळे धूळ बसते, निघालेला भुगा वाहून जातो आणि पेपर भरत नाही. म्हणून पाणी घालताना हात आखडता घेऊ नका.

दरवाजाच्या सगळ्या कडा आणि मधली उठावाची रेघ यांवर मास्किंग टेप लावा. ओला रंग कडेवरून ओघळून खाली सरकतो, त्यामुळे धारेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि पेपर नेमका तिथेच जास्त चावतो. मग पेपर रबराच्या ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलंत तर बोटांच्या खाली चर पडतात, ते पॉलिशनंतर उन्हात स्पष्ट दिसतात. २००० नंबरपासून सुरू करा, हात सरळ रेषेत, वजन फक्त ठोकळ्याचं. चार-पाच हात मारले की रबरी पट्टीने पाणी ओढून घ्या आणि भाग कोरडा करून बघा. मंद झालेली जागा म्हणजे उंचवटे घासले गेले. मध्ये चमकणारे बारीक ठिपके दिसतात ते खोलगट भाग. ठिपके कमी कमी होत जातात. शेवटचे काही राहिले तर राहू द्या, त्यांच्या मागे लागून क्लिअर फुंकू नका.

वडील घासताना मध्येच थांबून पेपरवरचं पाणी बोटावर घ्यायचे आणि उजेडात धरायचे. पांढरं, दुधाळ असेल तर क्लिअर निघतोय. त्यात रंगाची झाक दिसली की त्या क्षणी पेपर खाली ठेवायचा. मीही तसंच करते.

पुढचा २५०० आणि मग ३००० नंबर. प्रत्येक नंबर आधीच्या दिशेला आडवा चालवा, म्हणजे जुन्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. त्या पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरवर जाऊ नका. नंबर बदलताना भाग धुवा आणि बादलीतलं पाणीही बदला, कारण मागचा एक दाणा सगळी मेहनत वाया घालवतो. धुळीच्या कणांसाठी मात्र सबंध दरवाजा घासायची गरज नाही. अंगठ्याएवढ्या कडक ठोकळ्यावर पेपरचा तुकडा लावा आणि फक्त तो कण टेकवून टेकवून उतरवा.

आता बफिंग. पहिल्यांदाच करत असाल तर गोल-गोल फिरणारं रोटरी मशीन नको, डगमगत फिरणारं ड्युअल ॲक्शन घ्या. ते हळू काम करतं, पण एका जागी उष्णता साठवत नाही. आधी कंपाउंड, नंतर मऊ फोमवर बारीक पॉलिश. मधूनमधून पत्र्यावर तळहात ठेवा. चटका बसत असेल तर थांबा. प्लॅस्टिकच्या बंपरवर याहून जपून, कारण प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही आणि रंग पटकन तापतो. शिवाय तुमचं जाडी मोजणारं यंत्रही तिथे आकडा दाखवणार नाही.

प्रश्न : बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा दोन दिवस राहिली. धुतल्यावर आत गेलेला डाग दिसतो. पेपर मारू?

उत्तर : आधी गाडी काही दिवस उन्हात नेहमीसारखी वापरा. क्लिअर कोट उष्णतेने किंचित सैलावतो आणि उथळ खूण थोडी भरून येते. नंतर पॉलिश. डाग नखाला लागत असेल तर तो पूर्ण घालवायच्या फंदात पडू नका, नुसत्या कडा मवाळ करा. आणि यापुढे विष्ठा दिसली की ओला कपडा दहा मिनिटं तिच्यावर ठेवून, भिजवून उचला. कोरडी खरवडू नका.

प्रश्न : माझ्या बीएमडब्ल्यूला मॅट रंग आहे. दरवाजावर घासल्याची खूण आली आहे. हलकं पॉलिश चालेल?

उत्तर : अजिबात नाही. मॅट क्लिअर मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो. पॉलिशने तो खडबडीतपणा जातो, तिथे चकचकीत पट्टा उमटतो आणि तो परत मॅट करता येत नाही. आधी मॅटसाठीच्या क्लीनरने पुसून बघा, कित्येकदा ती दुसऱ्या वस्तूची लागलेली पुटं असतात. नाही गेली तर तो दरवाजा नव्याने रंगवणं हाच उपाय.

प्रश्न : आजोबांची जुनी, गडद लाल आलिशान गाडी माझ्याकडे आली आहे. रंग फिका, खडूसारखा झालाय. पॉलिश लावलं तर फडकं लाल झालं. रंग निघतोय म्हणून मी घाबरून थांबलो. दोन्ही बाजूंना हाताने ओढलेली बारीक सोनेरी रेघ आहे, तीही वाचवायची आहे.

उत्तर : थांबलात ते योग्यच, पण घाबरायचं कारण नाही. तुमच्या गाडीवर क्लिअर कोट नाही. रंग आणि चकाकी एकाच थरात आहेत, म्हणून फडक्यावर रंग येणारच. वर खडूसारखा दिसतो तो उन्हाने मेलेला रंग. त्याखाली जिवंत रंग असतो आणि तो वर आलेला बघण्यासारखा आनंद या कामात दुसरा नाही. असा रंग कोरडा पडलेला असतो, त्यामुळे तेलकट, रंग न कापणारं ग्लेझ जाड थरात लावून रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुसा, हवं तर पुन्हा लावा. मग मऊ फोमवर अगदी बारीक पॉलिश, आणि फोम लाल झाला की लगेच बदला. वॉटर पेपर या गाडीपासून लांब ठेवा. कडांवर आणि उठावांवर मशीन नको, तिथे आधीच प्रायमर डोकावत असेल.

सोनेरी रेघ रंगाच्या वर ब्रशने ओढलेली असते. तिचा स्वतःचा थर इतका नाजूक की पॉलिशचे दोन हातही ती सोसणार नाही. तिच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून टेप लावा, टेपची चिकट बाजू रेघेवर येऊ देऊ नका, आणि सोडलेली ती पट्टी शेवटी सुती कापड बोटाला गुंडाळून, मशीन न लावता, रेघेला समांतर पुसत न्या.