वसंतात चार दिवस पुणे पाहायचे तर कधी यावे आणि दिवस कसे आखावेत?

तुम्ही रत्नागिरीहून सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन चार दिवस पुणे पाहायला येणार आहात. फेब्रुवारीचा शेवट, मार्चचा मध्य आणि एप्रिलचा पहिला आठवडा यांपैकी हवामान आणि प्रवास या दोन्ही दृष्टींनी कोणता काळ बरा, असा तुमचा प्रश्न आहे. मी जन्मापासून पुण्यात राहतो आणि माझे मत स्पष्ट आहे: फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा दुसरा आठवडा या काळात, होळीचे दिवस टाळून, बुधवारी या आणि रविवारी सकाळी परत निघा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तारीख कोणतीही ठरली तरी उघड्यावरची सर्व ठिकाणे सकाळी साडेदहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच ठेवा.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, घाटाच्या पाठीशी वसलेले आहे, आणि या दिवसांत इथली हवा अतिशय कोरडी व आकाश निरभ्र असते. त्यामुळे जमीन दिवसा झपाट्याने तापते आणि रात्री तितक्याच झपाट्याने निवते. फेब्रुवारीअखेर दुपारी पारा ३२-३३ अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे १२-१४ पर्यंत उतरतो. मार्चच्या मध्यावर दुपार ३५ अंशांच्या आसपास जाते, पण पहाट अजूनही १५-१६ अंशांची, सुखद असते. एप्रिलमध्ये ३८ अंश नेहमीचे होतात, काही दिवस पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रींचा गारवाही ओसरू लागतो. रत्नागिरीत समुद्र दिवसाला फार तापू देत नाही आणि रात्रीला फार निवू देत नाही, त्यामुळे एकाच दिवसात वीस अंशांचा फरक आईवडिलांच्या अंगवळणी पडलेला नसेल. सकाळी त्यांना पातळ स्वेटर किंवा शाल लागेल आणि दुपारी सुती कपडे व डोक्यावर टोपी किंवा पदर हवाच.

एक गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण कोकणातून येणाऱ्या ज्येष्ठांना तिचा त्रास होताना मी पाहिला आहे. तिकडच्या दमट हवेत घाम दिसतो आणि माणूस आपोआप पाणी पितो. इथे घाम येताक्षणीच वाळतो, अंग कोरडे राहते, तहान लागल्यासारखी वाटत नाही, आणि संध्याकाळी डोके दुखू लागल्यावर लक्षात येते की दिवसभर पुरेसे पाणी पोटात गेलेलेच नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता दर तासाला घोटभर तरी पाणी, ताक किंवा लिंबू सरबत द्यावे. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी याविषयी जरूर बोला.

मोबाइलवर पुण्याचे तापमान पाहताना ते शहराच्या कोणत्या भागाचे आहे हेही पाहावे. हवामान खात्याच्या शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव इथल्या नोंदींमध्ये अनेकदा काही अंशांचा फरक असतो. झाडी आणि टेकड्यांजवळचा पाषाणचा भाग रात्री चांगला निवतो, तर लोहगाव, कोरेगाव पार्क, मगरपट्टा या पूर्वेकडच्या भागांत रात्रीचे तापमान बरेच वर राहते. म्हणून मुक्कामासाठी डेक्कन, शिवाजीनगर किंवा एरंडवणे हा पट्टा मला योग्य वाटतो. तिथून मेट्रोही जवळ पडते.

आता प्रवासाकडे वळतो. तारीख ठरवण्यापूर्वी दिनदर्शिकेत फाल्गुन पौर्णिमा शोधा. शिमगा तुम्हाला मी सांगायला नको. पण होळीच्या आधी पुण्यामुंबईची मंडळी गावाकडे धाव घेतात आणि पालख्या झाल्या की तीच मंडळी परतीच्या गाड्या भरून टाकतात, म्हणजे नेमक्या तुमच्या दिशेने. त्या परतीच्या गर्दीत वयस्कर माणसांना घेऊन निघू नये. पुण्यातही धुळवडीला बरीच दुकाने बंद असतात, आणि इथे रंग प्रामुख्याने रंगपंचमीला, म्हणजे होळीनंतर पाचव्या दिवशी खेळला जातो, तेव्हा पेठांतून फिरणे तुमच्या मंडळींना जड जाईल.

एसटीने आलात तर ७५ वर्षांवरील प्रवाशांना भाडे नाही, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे आहे आणि महिलांनाही निम्मे आहे, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेवा. कोकणातल्या गाड्या बहुधा स्वारगेटला येतात आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथूनच भुयारी मेट्रो मिळते. स्वतःच्या गाडीने यायचे असेल तर तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता आहे. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट पहाटेच्या गारव्यात चढावा आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडून दुपारच्या आत पुण्यात पोहोचावे. रविवारी संध्याकाळी साताऱ्याकडून पुण्याकडे वाहनांची रीघ लागते, तुम्ही मात्र त्या सकाळी उलट दिशेने निघालेले असाल. बुधवार ते रविवार हा बेत मी त्यासाठीच सुचवला आहे.

शहरात गाडी शक्यतो मुक्कामीच उभी ठेवा. पेठांमध्ये ती लावायला जागा शोधण्यात सकाळचा सगळा गारवा निघून जातो. मेट्रोच्या कसबा पेठ स्थानकावर उतरले की कसबा गणपती, लाल महाल आणि शनिवारवाडा ही तिन्ही ठिकाणे जवळजवळ आहेत, आणि स्थानकांत लिफ्ट असल्याने आईवडिलांना जिने चढावे लागत नाहीत. १७३० मध्ये पायाभरणी झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत आतून जळाला, त्यामुळे आज आत मुख्यतः जोती, कारंजी आणि मोकळी हिरवळ आहे, सावली फारच थोडी. तिथे दुपारी बाराला जाणे म्हणजे तव्यावर उभे राहणे; सकाळी गेलात तर दिल्ली दरवाजा आणि तटबंदी निवांत पाहता येते. नंतर एक स्थानक पुढे मंडईला उतरून फळांचे गाळे पाहावेत. मार्चमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे असतात. हापूस तुम्हाला पुण्यात येऊन घ्यायचे कारण नाही.

दुपारी एक ते चार या वेळात जुन्या पुण्यातली अनेक दुकाने आजही बंद असतात. बाहेरगावचे लोक याबद्दल कुरकुर करतात, पण या हवेत ती पद्धत मला शहाणपणाची वाटते, आणि तुम्हीही त्या वेळात जेवून विश्रांतीच घ्यावी. शनिवारी दुपारी बालगंधर्व रंगमंदिरात नाटक असेल तर त्याची तिकिटे आधी काढा. उन्हाचे तीन तास सत्कारणी लागतील आणि छत्रपती संभाजी उद्यान हे मेट्रो स्थानक तिथून जवळच आहे.

आगाखान पॅलेससाठी कल्याणीनगर स्थानकावर उतरून रिक्षा करावी. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या तिथे आहेत. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, याच ऋतूच्या तोंडावर, तिथल्या स्थानबद्धतेतच झाले. मुलीला हे शांतपणे सांगता येईल इतकी मोठी झाडे आणि मोकळी जागा त्या आवारात आहे. मला स्वतःला पुण्यातले हे ठिकाण सर्वांत जवळचे वाटते, म्हणून तिथे घाई करू नका.

सिंहगडाचा बेत गुरुवारी किंवा शुक्रवारी ठेवा, कारण शनिवार-रविवारी घाटरस्त्यावर वाहने खोळंबतात. गड १३०० मीटरहून अधिक उंच असल्याने वर शहरापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असते, तरी ऊन तितकेच प्रखर लागते. गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, पण तिथून पुढे दगडी पायऱ्या आहेत. आईवडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांनी पुणे दरवाजापर्यंत येऊन झुणका-भाकर आणि मडक्यातले दही खावे आणि तुम्ही मुलीला घेऊन तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत जावे. सकाळी सातला शहरातून निघालात तर उन्हे कडक होण्याच्या आत परतता येईल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलतात. ताम्हण आणि बहावा पाहायचा तर मात्र एप्रिल-मे महिनाच लागतो. काही कारणाने एप्रिलच गाठावा लागला, तर दुपारनंतर ढग दाटून वळवाचा पाऊस, विजा आणि क्वचित गाराही येतात हे लक्षात ठेवून गड आणि टेकड्या फक्त सकाळी ठेवा आणि छत्री बरोबर असू द्या. हवामान खात्याचा जिल्हानिहाय अंदाज पुढच्या काही दिवसांसाठी मिळतो. तो निघण्याच्या दोन दिवस आधी पाहा आणि पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल, तर सिंहगडाचा दिवस आगाखान पॅलेसच्या दिवसाशी बदलून घ्या.