वाचक विचारतात : टर्बो गाडीचा एअरफ्लो मीटर काढून प्रेशर सेन्सरवर जावं का?

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो. मूळचा टर्बो काढून मोठा टाकलाय, इंजेक्टर बदललेत, इंटरकूलर पुढे बंपरमागे मोठा बसवलाय, बूस्ट (टर्बोने दिलेला जादा दाब) साधारण १.१ बार. आता साडेचार हजार आरपीएमच्या वर काळा धूर येतो, वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर) लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, जितका कमी तितकं पेट्रोल जास्त) ०.७४ पर्यंत खाली जातो, टार्गेट ०.८२ आहे. ट्यूनर म्हणतो एअरफ्लो मीटरची रेंज संपली, काढून टाकू आणि स्पीड डेन्सिटी (प्रेशर सेन्सरवरून हवेचा हिशोब) करू, म्हणजे ब्लो-ऑफ (थ्रॉटल सोडल्यावर उरलेला बूस्ट सोडणारा व्हॉल्व्ह) पण बाहेर सोडता येईल. करून टाकू का? — एक वाचक, पुणे

उत्तर : करता येतं, पण आत्ता करू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं आणि ट्यूनरने सांगितलेलं कारण एकमेकांशी जुळत नाहीये.

मीटरची रेंज संपते म्हणजे काय होतं ते बघा. हवा वाढत जाते पण मीटरचा आकडा वर जायचा थांबतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं हवा तेवढीच आहे, म्हणून पेट्रोल तेवढंच राहतं आणि गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लीन म्हणजे लॅम्ब्डा वर जाणार, नॉक होणार (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणार), काळा धूर येणार नाही. तुमच्याकडे बरोबर उलटं चाललंय. मीटरने हवा मोजली, ईसीयूने तेवढ्या हवेचं पेट्रोल टाकलं, आणि ती हवा सिलिंडरपर्यंत पोचलीच नाही. ०.८२ च्या जागी ०.७४ म्हणजे मोजलेल्या हवेतला जवळजवळ दहावा हिस्सा वाटेतच बाहेर पडतोय. हे टर्बोच्या पुढचं लीकेज आहे, आणि नवा इंटरकूलर बसवल्यानंतर हे सुरू झालं असेल तर मी आधी त्याच्याच पाइपांचे क्लॅम्प बघेन.

या इंजिनात लीकेजच्या जागा ठरलेल्या आहेत. डायव्हर्टर व्हॉल्व्हच्या आतला रबरी पडदा फाटतो, मॅनिफोल्डखालचे पीसीव्हीचे (क्रँककेसमधली वाफ परत ओढणारे) होस तेलाने मऊ होऊन चिरतात, आणि सिलिकॉन होसवर साधे वर्म क्लॅम्प असतील तर बूस्ट आला की होस सरकतो. टर्बोच्या तोंडाला कॅप लावा, कॉम्प्रेसरने हळूहळू अर्धा बार हवा भरा आणि साबणाचं पाणी मारत जा, फुगे येतील तिथे लीकेज. गॅरेजवाल्याला सांगा की एकदम जास्त प्रेशर देऊ नको, नाहीतर पीसीव्हीतून हवा क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील बाहेर येतात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे स्पीड डेन्सिटी केली असती तर हा काळा धूर गेला असता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. धूर गेला म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही. प्रेशर सेन्सर फक्त मॅनिफोल्डमध्ये किती दाब आहे ते बघतो, वाटेत किती हवा सांडली त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, त्यामुळे मिश्रण बरोबर राहतं आणि टर्बो मात्र तोच १.१ बार गाठायला जास्त वेगाने फिरत राहतो, गरम हवा देतो आणि एक दिवस शाफ्टचा प्ले (ढिलाई) घेऊन समोर येतो. मीटरवाल्या गाडीत लीकेज लगेच समजतं. हा मीटरचा गुण आहे, तो घालवताना माहीत असू द्या काय घालवतोय.

दोन पद्धतींतला फरक एवढाच की मीटर हवा काट्यावर तोलतो आणि स्पीड डेन्सिटी मापट्याने मोजून वजनाचा हिशोब करते. हिशोब अवघड नाहीये, तुमच्याच इंजिनावर करून दाखवतो. १७८१ सीसी, म्हणजे एका सिलिंडरचे ४४५ सीसी. मॅनिफोल्डमध्ये २०० केपीए ॲबसोल्यूट दाब (बाहेरच्या हवेचे १०० धरून, म्हणजे एक बार बूस्ट), हवा ४० डिग्री, तर त्या ४४५ सीसीत बसते साधारण ०.९९ ग्रॅम हवा. पण सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही, कधी जास्तही भरतो, त्या भरण्याच्या टक्केवारीला व्हीई म्हणतात, ती समजा ९५ टक्के, म्हणजे ०.९४ ग्रॅम. ६००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा सिलिंडर भरतो, झाले १८८ ग्रॅम प्रति सेकंद. दाब सेन्सर सांगतो, तापमान सेन्सर सांगतो, आरपीएम माहीत असतो, आकारमान बदलत नाही. राहिला तो ९५. तो कुठलाच सेन्सर सांगत नाही, तो ट्यूनरने टेबलात लिहायचा असतो, प्रत्येक आरपीएमला आणि प्रत्येक दाबाला वेगळा. स्पीड डेन्सिटी चांगली की वाईट हे त्या टेबलावर ठरतं.

म्हणूनच उद्या कॅम बदलला, हेड पोर्ट केलं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदललं, नुसता डाउनपाइप मोठा केला तरी व्हीई हलते आणि टेबल पुन्हा बघावं लागतं. मीटरवर असताना एवढं करावं लागत नाही, हवा वाढली तर मीटर स्वतःच जास्त मोजतो. ज्यांना दर दोन महिन्यांनी काहीतरी बदलायची हौस आहे आणि डायनो (गाडी रोलरवर चालवून तपासायचं यंत्र) जवळ नाही त्यांनी मीटर ठेवलेलाच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेशरवर गाडी चालवणं ही काही नवी किंवा फक्त रेसिंगची गोष्ट नाही. बॉशची डी-जेट्रॉनिक १९६७ ला फोक्सवॅगन १६०० मध्ये आली ती प्रेशरवरच चालायची, आणि आज कित्येक कंपन्यांच्या साध्या पेट्रोल गाड्यांमध्ये एअरफ्लो मीटर नसतोच. पण कंपनी टेस्ट बेंचवर टेबल भरते, थंडीत, उन्हात, उंचावर. तुमच्या गाडीला तेवढा वेळ कोण देणार हा प्रश्न ट्यूनरला विचाराच.

लीकेज काढलं आणि तरीही मीटर खरंच कमी पडतोय का ते बघायचंय, तर डायग्नोस्टिकमध्ये ब्लॉक ००३ लॉग करा, आरपीएम आणि ग्रॅम प्रति सेकंद शेजारी शेजारी दिसतात. तिसऱ्या गिअरला तीन हजारापासून फुल थ्रॉटल (डायनोवर, हायवेवर नको). आकडा आरपीएमबरोबर चढत जाऊन एका जागी सपाट झाला आणि तिथूनच लॅम्ब्डा वर जायला लागला, तर रेंज संपली. नुसताच सगळीकडे कमी दाखवत असेल तर मीटर मेलाय किंवा तेलाच्या कॉटन फिल्टरमुळे त्याची फिल्म माखलीय, नवा टाका. ब्लॉक ०३२ मधले ट्रिम (ईसीयूने स्वतः केलेली पेट्रोलची दुरुस्ती) पण बघा.

आणि रेंज संपली तरी पहिला उपाय मोठं हाऊसिंग. सेन्सर तोच ठेवून त्याच घराण्यातल्या २२५ हॉर्सपॉवरच्या ऑडी टीटीचं रुंद हाऊसिंग लावायचं आणि ईसीयूतलं मीटरचं टेबल त्याप्रमाणे स्केल करायचं. तुमच्या बूस्टला हे पुरेल असं वाटतं, खर्च पण खूप कमी. ट्यूनरने हा पर्याय सांगितला नाही याचं नवल वाटलं.

तरीही आणखी मोठ्या टर्बोवर जायचंच असेल, दीड बारच्या पुढे, तर मग स्पीड डेन्सिटी योग्य आहे, आणि तेव्हा या गाडीत एक खास गोष्ट सांभाळा. हिला कंपनीचा बूस्ट सेन्सर आहे म्हणून बरेच जण म्हणतात की सेन्सर तर आहेच, फक्त मीटर काढू. पण तो सेन्सर थ्रॉटलच्या आधी, इंटरकूलरकडून येणाऱ्या पाइपात आहे. आयडलला थ्रॉटलच्या आधी जवळपास बाहेरच्या हवेइतका दाब असतो आणि मॅनिफोल्डमध्ये ३०-४० केपीए, मग त्या सेन्सरवर हिशोब कसा करणार? मॅनिफोल्डच्या प्लेनमला (सगळ्यांच्या सामाईक पेटीला) वेगळा सेन्सर हवा, एका रनरला (एका सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीला) नको, कारण तिथे एकाच सिलिंडरचे झटके वाचले जातात. होस आखूड, कडक, स्वतंत्र, ब्रेक बूस्टरच्या किंवा बूस्ट गेजच्या लाइनमध्ये टी मारायची नाही. तो होस निसटला तर ईसीयूला भर बूस्टमध्ये दाब १०० दिसणार आणि पेट्रोल निम्मं होणार, पिस्टन जायला तेवढं बास आहे, म्हणून दोन्ही टोकांना क्लॅम्प लावाच. आणि रेंज ॲबसोल्यूटमध्ये मोजा, अडीच बारचा सेन्सर म्हणजे जेमतेम दीड बार बूस्ट, वर ओव्हरशूटला जागाच नाही, तीन किंवा चार बारचा घ्या.

ईसीयूचं काय? मूळ बॉश एमई७ टॉर्कच्या हिशोबावर चालतो, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल त्याच्याच हातात, मीटरचा आकडा त्या सगळ्याच्या मुळाशी. काही ठिकाणी मीटर काढून गाडी ईसीयूच्या फेलसेफवर, म्हणजे थ्रॉटलच्या कोनावरून अंदाजाने, चालवतात आणि तिलाच स्पीड डेन्सिटी म्हणून बिल लावतात. टर्बो गाडीत तोच थ्रॉटल कोन अर्ध्या बारला पण असतो आणि दीड बारला पण, त्यामुळे ते घेऊ नका. खरं काम करायचं तर हॉलटेक, लिंक, ईसीयूमास्टर, मेगास्क्वर्ट असा स्टँडअलोन (मूळच्या जागी बसणारा स्वतंत्र ईसीयू) लागतो, तो पण ड्राइव्ह-बाय-वायर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, थ्रॉटल सांभाळणारा, आणि डॅशबोर्डवरचे काटे, एसी, इमोबिलायझर हे सगळं चालू राहील का ते पैसे देण्याआधी ठरवा.

मॅपिंगला बसाल तेव्हा आधी इंजेक्टरचा डेड टाइम (उघडायला लागणारा वेळ) आणि फ्युएल प्रेशर बरोबर भरा, ते चुकलं तर त्याची चूक व्हीईच्या टेबलात जाऊन बसते आणि नंतर सापडत नाही. मग क्लोज्ड लूप (लॅम्ब्डा बघून ईसीयू स्वतः करतो ती दुरुस्ती) बंद करून, कमी लोडपासून, एकेक खाना. टार्गेट ०.८२ आणि आला ०.८६ तर त्या खान्याला ०.८६ भागिले ०.८२ ने गुणायचं, ८८ असेल तिथे साधारण ९२ होतील. टाकीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पेट्रोल ठेवा. ई१० आणि ई२० (१० आणि २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) मध्ये पेट्रोलची गरज चारेक टक्क्यांनी बदलते, मधेच पंप बदलला तर ट्यूनर इंधनातला फरक हवेचा समजून टेबल बिघडवून ठेवेल.

पुण्याचे आहात म्हणून घाटाचं पण सांगतो. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथे बाहेरचा दाब ८६ केपीएच्या आसपास. २०० केपीए गाठायला टर्बोला समुद्रसपाटीवर दाब जवळपास दुप्पट करावा लागतो, महाबळेश्वरला २.३ पट. म्हणून बाहेरच्या दाबाचा वेगळा सेन्सर ठेवा, त्याप्रमाणे बूस्टचं टार्गेट उतरवा आणि पेट्रोलचं करेक्शन पण भरा, कारण तोच मॅनिफोल्ड दाब असताना सायलेन्सरकडचा विरोध बदलतो.

ब्लो-ऑफ बाहेर सोडायला मिळतं हे खरं आहे, पण त्या एका आवाजासाठी एवढा खटाटोप करू नका. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, पीयूसी, विमा, हे तिन्ही विचारात घ्या, रस्त्यावरची गाडी असेल तर नक्कीच.

प्रश्न : दादा, मी स्टँडअलोन लावून स्पीड डेन्सिटी करून घेतली, हायवेला गाडी मस्त पळते. पण ट्रॅफिकमध्ये अडकून निघालो किंवा पेट्रोल भरून लगेच स्टार्ट केली की दोन-तीन मिनिटं मिसिंग, लॅम्ब्डा लीन दिसतो, मग आपोआप ठीक. ट्यूनर म्हणतो आयडलजवळ पेट्रोल वाढवतो. वाढवू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नका वाढवू, तिथे वाढवलंत तर सकाळी गार हवेत तीच जागा रिच होईल (पेट्रोल जास्त पडेल) आणि प्लग काळे पडतील.

तुमचा तापमानाचा सेन्सर ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्ये स्क्रू केलेला असणार. गाडी थांबली की मॅनिफोल्ड तापतं, त्याच्याबरोबर सेन्सर तापतो, आणि तो हवेचं नाही तर धातूचं तापमान सांगायला लागतो. हवा ४० डिग्री आणि सेन्सर म्हणतो ६५, तर ईसीयूच्या हिशोबात हवा सात टक्क्यांहून जास्त विरळ, पेट्रोल तेवढं कमी, आणि आयडलला सात टक्के खूप होतात. गाडी धावायला लागली, हवा खेळायला लागली, की सेन्सर थंड होऊन मिसिंग जातं. तुमच्या दोन-तीन मिनिटांचं कारण हेच.

एकदा लॉगमध्ये इनटेक तापमान आणि लॅम्ब्डा शेजारी ठेवून बघा, दोन्ही एकत्र खाली येताना दिसतील. मग उघड्या टोकाचा सेन्सर घ्या, ज्यात आतला मणी जाळीतून बाहेर दिसतो, पितळी बंद टोकाचा नको, आणि तो इंटरकूलरनंतर थ्रॉटलच्या आधीच्या पाइपात बसवा. सिलिकॉन किंवा प्लॅस्टिकचा तुकडा असेल तिथे जागा काढली तर सगळ्यात उत्तम. टर्बोच्या आधी चुकूनही नको, तिथे बाहेरच्या हवेचं तापमान मिळतं, बूस्टने तापलेल्या हवेचं नाही. एवढं करूनही थोडं उरलं तर तापमानाच्या करेक्शन टेबलात, फक्त गरम इनटेक आणि कमी हवा या कोपऱ्यात, हलका हात फिरवायचा. व्हीईला हात लावायचा नाही.

प्रश्न : माझी डिझेल टर्बो आहे, रिमॅप केलीय. मीटर सारखा खराब होतो म्हणून तिलाही प्रेशरवर टाकता येईल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्यातून फायदा काही नाही. डिझेलमध्ये पेडल दाबलं की मुख्यतः डिझेल किती टाकायचं ते ठरतं, हवा मोजून त्या प्रमाणात इंधन टाकायचं पेट्रोलसारखं गणितच नाही. मीटर तिथे बहुतेक करून ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा आणि धूर होऊ नये म्हणून डिझेलला कुठे लगाम घालायचा यासाठी असतो. मीटर सारखा जात असेल तर एअर फिल्टरचा बॉक्स नीट बसतोय का, फिल्टर बाजूने धूळ सोडतोय का आणि कपलरमध्ये पाणी शिरतंय का एवढं बघा, आणि पुढचा मीटर घेताना स्वस्तातली कॉपी टाळून ओरिजिनल घ्या.