विनाशिका : कोणाचा विनाश?

प्रश्न असा आला आहे : "१८९३ सालच्या 'हॅवॉक' या ब्रिटिश नौकेवर मराठीत लिहिते आहे. जेमतेम अडीचशे टनांच्या नौकेला 'विनाशिका' (इंग्रजीत 'डिस्ट्रॉयर') हा शब्द फार मोठा वाटतो. आणि 'विनाशक' लिहू की 'विनाशिका'?"

आधी व्याकरण. 'नौका' स्त्रीलिंगी, म्हणून विनाशक-विनाशिका, जसं नायक-नायिका. पुस्तिका, नाटिका यांतला लहानपणा दाखवणारा 'इका' इथे नाही. 'विध्वंसक' हल्ली बातम्यांतून दिसतो, पण तो हिंदीतला रुळलेला शब्द. मराठीत चांगला शब्द असताना तो घेऊ नये, असं माझं ठाम मत.

आता शब्द मोठा का वाटतो ते. मूळ इंग्रजी नावात तीन शब्द होते : टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर. पुढे वापरात फक्त शेवटचा उरला आणि आपण भाषांतर केलं ते त्या उरलेल्या शब्दाचं. कशाचा विनाश करायचा, ते कर्मच गळून पडलं. इटालियनमध्ये ते अजून शाबूत आहे. तिथे या नौकेला 'काच्चातॉर्पेदिनिएरे' म्हणतात, म्हणजे टॉर्पेडोबोटींची शिकार करणारी.

टॉर्पेडोला, म्हणजे पाण्यातून धावत जाऊन जहाजावर फुटणाऱ्या अस्त्राला, मराठीत 'पाणतीर' म्हणतात. पाणबुडी, पाणकोंबडी यांच्या पंगतीत सहज बसणारा हा शब्द मला फार आवडतो. रॉबर्ट व्हाइटहेडने १८६६ मध्ये फ्युमे (आजचं क्रोएशियातलं रिएका) बंदरात स्वतःच्या बळावर धावणारा पाणतीर तयार केला. तो घेऊन एखादी चिमुकली, वेगवान बोट रात्री आली तर हजारो टनांची चिलखती युद्धनौकाही बुडवू शकेल, ही धास्ती ब्रिटिश नौदलाने घेतली. त्यावर १८८० च्या दशकात जी जहाजं बांधली, त्यांना बोलीत 'कॅचर' म्हणत, म्हणजे पकडणारी. पण ती संथ होती, पकडणं काही जमेना. १८९२ मध्ये जॅकी फिशर नौदलाचे कंट्रोलर, म्हणजे जहाजबांधणीची जबाबदारी असलेले अधिकारी, असताना नव्या नौकांची मागणी गेली ती यॅरो, थॉर्निक्रॉफ्ट आणि लेअर्ड या कारखान्यांकडे.

यॅरोची हॅवॉक त्यांतली पहिली. लांबी सुमारे १८० फूट, रुंदी साडेअठरा फुटांच्या आसपास, म्हणजे जवळपास दहास एक. सुरीच्या पात्यासारखी. चाचणीत तिने २६ नॉटचा, म्हणजे ताशी ४८ किलोमीटरचा पल्ला ओलांडला. तिला रेल्वे इंजिनाच्या धाटणीचे बॉयलर होते. तिच्याच जोडीच्या 'हॉर्नेट'ला मात्र पाणी नळ्यांतून खेळवणारे आठ बॉयलर बसवले आणि ती आणखी वेगात धावली. लाट वरून निसटून जावी म्हणून नाळेवरचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचा, भाग कासवाच्या पाठीसारखा गोलसर घडवला होता. नाळेतच पाणतीर सोडायची एक नळीही होती. ती पुढे काढून टाकली, कारण वेगात असताना नौका स्वतःच सोडलेल्या पाणतीराला गाठेल अशी भीती होती! 'विनाशिका' म्हणताना एवढा वेग डोळ्यांपुढे आला, तर शब्द पोकळ वाटणार नाही.

वेगासाठी वजन छाटायचं म्हणून पत्रे पातळ ठेवत. त्याची किंमतही मोजावी लागली. १८ सप्टेंबर १९०१ रोजी वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नवीकोरी ब्रिटिश विनाशिका 'कोब्रा' उत्तर समुद्रात मधोमध मोडली. ६७ माणसं गेली, १२ वाचली. लष्करी न्यायालयाने तिचा सांगाडा इतर विनाशिकांपेक्षा दुबळा असल्याचा ठपका ठेवला.

पुढे शब्द तोच राहिला आणि नौका वाढत गेली. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली आयएनएस मोर्मुगाओ, आपल्या मुरगावच्या नावाची, १६३ मीटर लांब आणि सात हजार टनांहून जड आहे. तीही विनाशिकाच. तुम्हाला हॅवॉकपुढे शब्द मोठा वाटतो तो यामुळे : आज तो ऐकला की मोर्मुगाओएवढी नौका मनात येते.

म्हणून माझी सूचना : लेखात पहिल्यांदा 'पाणतीरबोट-विनाशिका' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं 'विनाशिका' चालेल. आणि क्रियापदं स्त्रीलिंगीच ठेवा : 'हॅवॉक ऑगस्ट १८९३ मध्ये पाण्यात उतरली.'