इंदूरमध्ये शेव-चिवड्याचं छोटं युनिट टाकावं का? एवढे कारखाने असताना नव्या माणसाला जागा आहे का?

तुम्ही लिहिलंय की नाशिकचे आहात, सासुरवाडी इंदूरची, हाताशी बारा लाख आहेत. सांवेर रोडच्या औद्योगिक भागात शेड भाड्याने घ्यायचं, शेव, चिवडा, मिक्श्चर करायचं आणि पाच रुपयांच्या पुड्या काढून किराणा दुकानांत टाकायच्या.

माल जरूर बनवा. पाच रुपयांची पुडी मात्र काढू नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी 2012 पासून 2023 पर्यंत परदेशीपुरा, पाटनीपुरा, मालवा मिल या पट्ट्यात नमकीनची एजन्सी चालवली. त्याआधी चार वर्षं एका शेवेच्या कारखान्यात हिशेब लिहीत होतो. म्हणजे कढईची बाजू पाहिली आणि दुकानाच्या खिळ्याला लटकणारी पुड्यांची लडीही पाहिली. तुमचं सगळं गणित कढईपाशीच थांबलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी, इथेच एवढे कारखाने का? लोक म्हणतात इंदूरकर खवय्या आहे. आहेच, पण नुसत्या खवय्यांवर कारखाने उभे राहत नाहीत. चणा आसपासच्या जिल्ह्यांत पिकतो आणि छावणीच्या मंडीत येतो, डाळमिल शहरातच, बेसन त्यांच्या शेजारी. मसाला, हिंग, पॅकिंगचं सामान सियागंजच्या घाऊक बाजारात. बटाटा मालव्याचा, त्यात साखर कमी म्हणून तळल्यावर काळा पडत नाही. चिप्सवाले तो बाहेरच्या राज्यांतही नेतात. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत इंदूरच्या नावापुढे बटाटाच आहे, शेव नाही. शेवेचं भौगोलिक मानांकन रतलामनं नेलं. त्यावरून इथे चेष्टा चालते, धंद्याला मात्र काही फरक पडत नाही. इथली निम्मी दुकानं ‘रतलामी’ लिहूनच शेव विकतात.

विषय निघालाच आहे तर पोह्यांचंही सांगतो. सगळ्या देशाला इंदुरी पोहे माहीत, पण तो पोहा बऱ्याचदा उज्जैनच्या मिलमधला असतो आणि भात छत्तीसगडकडचा. इंदूरचं काय, तर वाफ, वरची शेव आणि जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. जिरावण हा इथला खरा छोट्या माणसाचा उद्योग आहे. चक्की, चाळणी, दोन बायका आणि वजनकाटा, एवढ्यावर घर चालवणारे मला माहीत आहेत. तळण नाही, तेल नाही, माल लवकर खराब होत नाही. तुमच्या यादीत जिरावण नाही, ते घाला.

आता तेल. किलोभर शेवेत तिसरा हिस्सा तरी तेल असतं. म्हणजे तुम्ही बेसनाचा धंदा करताय असं वाटतं आणि करत असता तेलाचा. गंमत बघा, सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची देशपातळीवरची संघटना इंदुरात, सोयाबीन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र 1987 पासून इंदुरात, चारही बाजूंना सोयाबीनची शेतं. तरी स्वस्त पुडीतला माल बहुतेक पामतेलात तळतात. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 ते 20 टक्के, बाकी पेंड. पामतेल पडतं स्वस्त, कढईत टिकतं जास्त आणि येतं इंडोनेशिया-मलेशियातून. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात बंद केली. बंदी 23 मे ला उठली, म्हणजे महिनाही नाही, पण त्या दिवसांत आमच्या कारखानदाराचा फोन रोज सकाळी यायचा आणि रोज नवा भाव. पुडी पाचचीच राहिली, आतला माल दोन ग्रॅमनी उतरला. दुकानदाराला कळलं नाही. शाळेतल्या पोरांना कळलं, एकानं माझ्यासमोर पुडी दाबून विचारलं, “अंकल, इसमें हवा के पैसे अलग हैं क्या?” पुढे सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, मे 2025 अखेरीस ते 10 वर आणलं. जकार्ता आणि दिल्ली या दोन ठिकाणचं वारं तुमच्या कढईत येतं. मोठा कारखाना तेल आगाऊ घेऊन ठेवतो. बारा लाखांतून शेड, भट्टी, मशीन वजा केलंत की तुमच्याकडे डबे किती उरतील ते मांडून बघा.

तळण्याचं फार सांगत नाही. कारीगर मिळतात, पण सणाच्या तोंडावर गावी जातात. चांगला कारीगर थर्मामीटर बघत नाही. शेव पाडली की कढई खळखळते, फेस वर येतो, मग आवाज बसत जातो. आवाज अर्धा झाला की झारा. आमचा कारीगर पाठमोरा उभा राहून विडी ओढत असायचा आणि नेमक्या वेळी वळायचा. त्याच्या सुट्टीत दुसऱ्यानं काढलेला घाणा मऊ पडला, चार दिवसांत सादळला, आणि अख्खा घाणा परत आला. हो, तेच तेल किती वेळा वापरायचं यालाही आता कायदा आहे. तळणीच्या तेलातले खराब घटक 25 टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, 2018 पासून. तपासणीवाले येतात. आणि ते आले नाहीत तरी गिऱ्हाईक खवट शेव दुसऱ्यांदा घेत नाही.

आता लडीवर येतो.

पाच रुपयांची पुडी दुकानदाराला आम्ही साधारण 4 रुपये 20 पैशांना द्यायचो, आम्हाला ती 3 रुपये 93 पैशांना पडायची. पुडीमागे 27 पैसे. दिवसाला 4,000 पुड्या गेल्या तर हातात 1,080 रुपये. त्यातून लोडिंग रिक्षा, माल चढवणारा पोरगा, गोदामाचं भाडं, फुटलेला माल आणि उंदीर. उंदराला मी विनोदानं भागीदार म्हणत असे, पण तो नफ्यात माझ्यापेक्षा नेमानं वाटा घ्यायचा. हे चालतं ते कधी? एकाच फेरीत, एकाच रिक्षात पंचवीस-तीस जिन्नस असतील तेव्हा. तुमच्याकडे असतील चार. चार जिन्नसांसाठी डिझेल तेवढंच लागतं.

आणि इथे तुमची गाठ कोणाशी आहे? पाच रुपयांच्या पुडीवर वाढलेली प्रताप स्नॅक्स, ‘यलो डायमंड’वाली, 2003 साली याच शहरात सुरू झाली आणि 2017 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. पुडीत खेळणं टाकून त्यांनी पोरांना धरलं. त्या खिळ्यावर तुम्हाला तुमची लडी टांगायची आहे. खिळे दुकानात मोजकेच असतात. मी अतिशयोक्ती करत नाही, आमचा पोरगा खिशात हातोडी आणि खिळे घेऊन फिरायचा. नवा खिळा ठोकला की तो आमचा. पुढच्या आठवड्यात त्यावर दुसऱ्याची लडी दिसायची.

सर्वांत जड गोष्ट परतीचा माल. सकाळी अकराला पाटनीपुऱ्यात दुकानासमोर रिक्षा लावली की दुकानदार नवीन माल बघायच्या आधी आतून एक पोतं काढतो. “भिया, पेले ये पुराना उठाओ.” पोत्यात तारीख संपलेल्या पुड्या, उन्हानं रंग उडालेल्या, काही त्याच्याच पोरानं फोडून चिकटवलेल्या. त्या मोजायच्या, तेवढी रक्कम नव्या बिलातून वजा करायची. कंपनीकडून ती मिळते असं कागदावर असतं. एका कंपनीनं (नाव घेत नाही) आधी म्हटलं तिमाहीला हिशेब करू, मग म्हणाली पुड्या कापून फोटो पाठवा, मग आमचा साहेबच बदलला. एजन्सी सोडली तेव्हा माझ्या गोदामात त्यांचा 86,000 रुपयांचा मेलेला माल होता. शेवटी गुरांसाठी दिला, पुड्या फोडायला दोन माणसं चार दिवस लावून. त्यांची मजुरीही माझीच.

उधारीचं दुःख याहून कमी, कारण ती माणसांशी असते. माझ्या पट्ट्यातली बरीच दुकानं कापड मिलमधून बाहेर पडलेल्या लोकांची, घराच्या पुढच्या खोलीत थाटलेली. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे मार्गी लागले डिसेंबर 2023 मध्ये, बत्तीस वर्षांनी. त्याच्या पुढच्या महिन्यात एका काकांचा फोन आला. तोवर माझी एजन्सी बंद झालेली. “तुझे 1,140 राहिलेत, घेऊन जा.” मी वहीतून ते केव्हाच खोडले होते. काकूंनी चहा दिला, वर पोहे. असं माणूस पाहून नाही म्हणवत नाही, आणि तसंच नाही न म्हणता माझे दोन लाख त्या गल्ल्यांत फिरत राहायचे.

वेष्टनाबद्दल तुम्ही एका ओळीत ‘छापून घेऊ’ लिहिलंय. छापील फिल्मला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्याचे पैसे आधी. फिल्म मग शेकडो किलोंत घ्यावी लागते, दहा किलो कोणी छापत नाही. आत नायट्रोजन भरणारं मशीन वेगळं. मग पत्ता बदलला, वजन बदललं, नियमातली एखादी ओळ बदलली की उरलेला रोल रद्दी. माझ्या ओळखीच्या एका मुलाच्या घरी चिवडा संपला, रोल अजून पलंगाखाली आहेत. तुम्ही साधी पारदर्शक पिशवी आणि स्टिकर घ्या. एफएसएसएआयच्या अन्न परवान्याचा क्रमांक, निव्वळ वजन, तारीख, किंमत, घटक हे त्यावर नीट आलं की पुरे.

करामुळे एक बरं झालंय. बंद पाकिटातल्या नमकीनवर आधी 12 टक्के जीएसटी होता, सुट्यावर 5. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हीवर 5. त्यामुळे सुटं विकणाऱ्याला मिळणारी सवलत गेली, पण पिशवीत भरून विकायची भीतीही गेली.

मग करायचं काय? आमच्या वहिनींचं सांगतो. त्या लोकमान्य नगरात राहतात. दिवाळीआधी पाच आठवडे चकली, अनारसे, भाजके पोहे घालून चिवडा, कडबोळी. ऑर्डर नोंदवून निम्मे पैसे आधी. बाकी वर्षभर दर गुरुवारी एकच जिन्नस, पातळ पोह्यांचा चिवडा, तीस किलो. तो टिळक नगर, सुदामा नगर इकडच्या घरांत आणि दोन फरसाणवाल्यांकडे पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत जातो. फरसाणवाला सुटा विकतो, संपला की फोन करतो. परत काही येत नाही, कारण माल सादळायच्या आधी संपलेला असतो. पावसाळ्यात त्या तीसच्या वीस किलो करतात. मी एकदा म्हटलं, पन्नास करा, मी गिऱ्हाईक आणतो. म्हणाल्या, “भावजी, पन्नास किलोला बाई ठेवावी लागेल, आणि मग मला बाईसाठी चिवडा करावा लागेल.” त्यांचा किलोमागचा नफा माझ्या कितीतरी पुड्यांइतका होता, हे मला एजन्सी बंद केल्यावर वहीत बसून कळलं.

इथल्या मराठी घरांना नाशिककडच्या चवीचं अप्रूप आहे. इंदुरी मिक्श्चर गोडसर, बडीशेप घातलेलं. तुमचा झणझणीत, कांदा-लसणाचा चिवडा इथे त्या हाताचा फारसा मिळत नाही. तळणात तो एकच जिन्नस धरा. सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात सहा महिने करा, शेड नंतर.

आणि तरीही पुडीच काढायची असेल, तर मशीनची आगाऊ रक्कम द्यायच्या आधी इंदूरला या आणि कुठल्याही एजन्सीच्या रिक्षात दोन दिवस बसा. मी ओळख करून देईन. सकाळी दहा ते दीड या वेळात फिरा आणि प्रत्येक दुकानात परतीचं पोतं बघायला मागा. दुपारी दोननंतर जाऊ नका, दुकानदार जेवून पेंगत असतो, पोतं काढायला उठत नाही.