वाचकांचे प्रश्न : शाळेतली शेती आणि पाबळचा धडा

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेकडे पाऊण एकर जमीन आहे. मुलांना शेतीचे शिक्षण मिळावे म्हणून दोन वर्षे परसबाग केली. मुले कंटाळतात आणि पालक म्हणतात, 'खुरपायला आम्ही घरीच शिकवतो की.' डॉ. कलबाग यांच्या पाबळच्या प्रयोगातले आमच्याकडे काय उचलता येईल?
– एक मुख्याध्यापक, जि. धाराशिव

उत्तर : पालकांचे खरे आहे. जे काम मूल घरी करते तेच शाळेत करून घेतले, तर ती फक्त फुकटची मजुरी होते.

डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत पीएच.डी. झालेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. चांगली नोकरी स्वेच्छेने सोडून १९८३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याच कामात राहिले. तिथून शाळांत गेलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञान' विषयात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हाताने काम करतात. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. शिकवायला गावातलेच हुन्नर असलेले लोक, त्यांना 'निदेशक' म्हणतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, मुलांनी गावाला उपयोगी पडेल अशी सेवा द्यायची आणि तिचा हिशेबही ठेवायचा.

आमच्या मते शेवटचे वाक्य सोडून बाकी सगळे उचलले, तर हाती पुन्हा परसबागच येईल. म्हणून वाफ्यांपासून सुरुवात करू नका, सेवेपासून करा. आणि ३५-४० मिनिटांच्या तासिकेत हे बसवू नका. अवजारे काढून हात धुवेपर्यंत घंटा होते. सलग अर्धा दिवस तरी द्या.

तुमच्या भागात सोयाबीन आहे, तेव्हा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उगवणशक्ती तपासणीची सेवा द्या. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोते आपटले, थप्पी उंच लावली की आतला अंकुर दुखावतो, आणि दाणा वरून मात्र तुकतुकीत दिसतो. त्यामुळे घरचे बियाणे तपासून घेण्याची गरज प्रत्येक घराला असते. (सुट्टीत मुले येतील का, ही शंका रास्त आहे. पाच-सहा जण पुरतात.)

पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढून एकत्र करा. न निवडता १०० दाणे मोजा. चांगले तेवढेच वेचण्याचा मोह मुलांना होतोच, तिथे लक्ष ठेवा. ओले करून पिळलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण निथळेल इतके नको. जास्त पाण्याने सोयाबीन कुजते आणि दोष बियाण्यावर जातो. एकाच बियाण्याच्या तीन गुंडाळ्या करून सरासरी घ्या. खताचे किंवा मिठाचे गोणपाट वापरू नका. सातव्या दिवशी मोजताना मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच रोप धरायचे. नुसते फुगलेले किंवा मोड तुटलेले दाणे बाद.

७० टक्के किंवा जास्त उगवण असेल, तर एकरी ३० किलो बियाणे. कमी असेल तर ३० गुणिले ७०, भागिले आलेली टक्केवारी. ६४ टक्के आले तर साधारण ३३ किलो. ६० च्या खाली असेल तर बियाणे वाढवत बसण्यापेक्षा बदललेले बरे, कारण असल्या बियाण्याची उगवलेली रोपेही अशक्त निघतात. निकाल चिठ्ठीवर तारखेसह, तपासणाऱ्या मुलाच्या सहीने द्या आणि थोडे का होईना, शुल्क घ्या. फुकटच्या चिठ्ठीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : गाईचे वजन टेपने काढतात असे वाचले. शाळेत शिकवता येईल का? सूत्र लावले तर गाय बाराशे किलोंची निघाली!
– विज्ञान शिक्षिका, जि. अहिल्यानगर

उत्तर : जरूर शिकवा, आणि आधी एककाकडे पाहा. छातीचा घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, भागिले ६६० हे सूत्र इंचांचे आहे. एखादे माप सेंटिमीटरमध्ये गेले की असा घोटाळा होतो. सगळी मापे सेंटिमीटरमध्ये असतील तर ६६० च्या जागी १०,८०० घ्या.

घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून, वशिंडाच्या मागे टेप येईल असा घ्यायचा. लांबी खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत. जनावर सपाट जागी, चारही पायांवर सरळ, सकाळी वैरण-पाण्याआधी उभे करा. मालकाला कासरा धरू द्या. अनोळखी पोरांच्या गराड्यात गाय अंग आखडते. घेराचा वर्ग होत असल्याने तिथली चूक दुप्पट होते, म्हणून घेर तीनदा मोजा.

घेर ६४ आणि लांबी ५४ इंच असेल, तर ६४ × ६४ × ५४ म्हणजे २,२१,१८४. भागिले ६६०, म्हणजे ३३५ किलो. गाभण गाईचा आकडा फसवा असतो, तो धरू नका.

खरी गंमत पुढे आहे. वजनाच्या अडीच टक्के शुष्क पदार्थ, म्हणजे वैरणीतले पाणी वगळून उरणारा भाग, धरला तर या गाईला रोज तो ८.४ किलो हवा. हिरव्या वैरणीत तो पाचवा हिस्सा असतो, बाकी पाणी. म्हणजे २० किलो हिरवी वैरण घातली तरी चारच किलो झाले, उरलेल्यासाठी पाच किलोंच्या आसपास कडबा लागतो. दुभत्या गाईचा खुराक वेगळा. हे गणित मुलांनी स्वतःच्या गोठ्यात करून पाहावे. जंताच्या औषधाची मात्राही वजनावरच ठरते, ती मात्र डॉक्टरांकडूनच घ्या.

प्रश्न : शाळेची बाग दर मे महिन्यात वाळते. उपाय?
– एक पालक, जि. सातारा

उत्तर : मेपर्यंत काही ठेवूच नका. जून अखेरीस भेंडी लावा, साधारण दीड महिन्यात तोडणी सुरू होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मेथी आणि मुळा. मेथी महिनाभरात निघते. मार्चमध्ये जमीन नांगरून उन्हात तापू द्या. कायम काही हवेच असेल तर कुंपणाला शेवगा.