तीन दिवसांत फिक्स दात?

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ६३ वर्षांची आहे, शुगर आहे, खालच्या दोन्ही बाजूच्या दाढा काही वर्षांपूर्वी काढल्यात आणि कवळी टोचते म्हणून ती डबीतच पडून असते. सगळीकडे '३ दिवसांत फिक्स दात' अशा जाहिराती दिसतायत. खरंच इतकं पुढे गेलंय का? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, पुढे गेलंय हे खरंय. फिक्स दात म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवून त्यावर लावलेले दात. टायटॅनियम हाडाला घट्ट धरून बसतं हे स्वीडनचे संशोधक ब्रानेमार्क यांनी १९५०च्या दशकात पाहिलं, १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले, आणि त्या काळी खालच्या जबड्यात ३ महिने नि वरच्यात ६ महिने थांबून मगच दात लावायचे. आता स्क्रूचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात, त्यामुळे चांगल्या हाडात ६-८ आठवड्यांतही कॅप लावता येते. पण ३ दिवसांत हाड जुळत नाही हो! त्या जाहिरातीत बहुतेक वेळा अख्ख्या जबड्याचे दात असतात, चार-सहा इम्प्लांट एकाच ब्रिजने जोडलेले असतात म्हणून ते एकमेकांना सांभाळून घेतात. आईंच्या फक्त दाढा गेल्यात आणि चावायचा सगळ्यात जास्त जोर तिथेच येतो, त्यामुळे घाई नकोच. आणि सगळे एकदम नवीन बसवू म्हणून पुढचे चांगले दात काढायला कोणी सांगितलं तर प्लीज दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, मला या प्रकाराची फार काळजी वाटते.

माझ्या मते खरा फायदा झालाय तो थ्रीडी स्कॅनचा, म्हणजे सीबीसीटीचा. दाढा काढून वर्षं झाली की हाड झिजतं, आणि खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. स्कॅनमध्ये नस नि हाडाची रुंदी आधीच दिसते, त्यावरून गाइड, म्हणजे स्क्रूची जागा दाखवणारा साचा, प्रिंट करून स्क्रू नेमका बसवता येतो.

शुगर आहे म्हणून नाही म्हणायचं कारण नाही, पण आधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी, करा, साधारण ७च्या आसपास असेल तर ठीक, ८च्या वर असेल तर आधी शुगर आटोक्यात आणा. मिश्री लावत असतील तर बंद करायला सांगा, हिरड्या खराब झाल्या की चांगला बसलेला इम्प्लांटसुद्धा सैल होतो. हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर ते न विसरता सांगा, रक्त पातळ करायची गोळी मात्र मनाने बंद करू नका. आणि इम्प्लांटची कंपनी, साइज, बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, पुढे कॅप निघाली तर दुसऱ्या डॉक्टरांना त्याशिवाय पार्ट शोधणं अवघड जातं.