जुना लॅपटॉप आणि पहिलं लिनक्स

प्रश्न (खानापूर, निवृत्त शिक्षक): लॅपटॉप नऊ वर्षांचा, रॅम 4 जीबी. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, विंडोज 11 त्यावर बसत नाही. विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्सच्या प्रकारांची नावं ऐकून गोंधळ उडतो. कुठलं घालू?

उत्तर: सर, लिनक्स मिंट घाला, त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंटचीच सिनॅमन आवृत्ती जास्त देखणी, पण ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की 4 जीबीत ती जड पडते. एक्सएफसीईत खाली मेनूचं बटण, कोपऱ्यात घड्याळ आणि वायफाय. विंडोजची सवय असलेल्या हाताला चाचपडावं लागत नाही. मिंट 22 ला सुरक्षा अपडेट 2029 पर्यंत मिळतील.

पण लगेच इन्स्टॉल करू नका. मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) रुफस या मोफत प्रोग्रामने 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू होताना एफ12, एफ9 किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे कळ बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता सगळी सिस्टिम समोर येते, थोडी हळू चालते एवढंच. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर कागद ओढतो का, हे दोन दिवस बघा. पटलं तर फोटो आणि पेन्शनची कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, मगच इन्स्टॉल. बॅटरी बसली असेल तर पावसाळ्यात हे काम काढू नका. मध्येच लाईट गेली तर सिस्टिम अर्धवट राहते. जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून घ्या. वेगात खरा फरक तिथंच पडतो.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): मी लोकांचे अर्ज टाईप करून देते, मराठीतही आणि कन्नडमध्येही. लिनक्सवर जमेल?

उत्तर: ताई, उत्तम जमेल, आणि हे सांगताना मला मनापासून आनंद होतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी कगप आणि कन्नड कगप हे दोन्ही लेआउट जोडा. ही मांडणी कन्नड गणक परिषदेच्या नावाने ओळखली जाते. ‘के’ची कळ दाबली की मराठीत क, कन्नडमध्ये ಕ; ‘एम’ दाबली की म आणि ಮ. बोटांना एकच वळण पुरतं, भाषा बदलायला दोन कळा. अर्ज लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं मोफत सॉफ्टवेअर) करा, गिऱ्हाइकाला पीडीएफ द्या. श्रीलिपी या जुन्या फाँटमधल्या फायली मात्र आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे वाचता येणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या.

प्रश्न (बेळगाव): मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मित्र म्हणतात, काली लिनक्स घाल.

उत्तर: नको. काली सुरक्षा तपासणाऱ्यांसाठी आहे. नवख्यांनी ते वापरू नये असं ते बनवणारेच सांगतात. तिला उबुंटू हे लिनक्स द्या, 24.04 एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्ती. सी आणि पायथन तिथंच शिकता येईल, आणि अडलं तर मदत सर्वांत जास्त उबुंटूचीच मिळते.

प्रश्न (निपाणी, दुकानदार): टॅली चालेल का?

उत्तर: थेट नाही. जुगाड करून चालवता येतं, पण जीएसटीचा हिशेब जुगाडावर ठेवू नका. दुकानाच्या पीसीवर विंडोज राहू द्या, घरच्या जुन्या पीसीवर मिंट घाला.